निळी तार

मा-शांगेनं टॅक्सी माझ्या शेडसमोर उभी केली,
इंजिन बंद न करताच म्हणाली,
"पोरं मुक्या गाडीत बसत नाहीत रे."

उमलाझीत हे कुणाला समजवावं लागत नाही.
शाळा सुटली की पोरं भाडं विचारत नाहीत,
नुसता कान देतात,
जिचा पत्रा थरथरतो तिच्यात आधी चढतात.
खुम्बुलानी मार्चमध्ये गेला.
त्याचा सबवूफर त्याच्या भावानं नेला, उधारीपोटी म्हणे,
मागे राहिल्या कापलेल्या चार तारा,
सीटखालून डोकावणाऱ्या.

साठीला टेकलेली बाई,
रविवारी पांढरा झगा घालून प्रार्थनेला जाणारी,
तिला आवाज विकत घ्यायचा होता.
"बारा इंची दोन," म्हणाली,
जशी काही अंडीच मागते आहे.

आधी बॅटरीची काळी वायर सोडवली.
हे जो विसरतो त्याचा पाना वितळतो.
माझा वितळलाय. खिळ्याला टांगून ठेवलाय,
म्पिलोला रोज दिसावा म्हणून.
मग लाल, करंगळीएवढी जाड,
बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज,
आणि पत्र्याच्या भोकातून आत जाताना रबराची बांगडी,
कारण पत्रा रोज थोडाथोडा चावतो
आणि एक दिवस भर हायवेवर धूर.
लाल डाव्या अंगानं न्यायची, आवाजाची उजव्या.
दोघींना शेजारी निजवलं
तर एकीची कुरकुर दुसरीच्या तोंडून ऐकू येते.

मा-शांगे उलट्या क्रेटवर, हिशेबाची वही मांडीवर.
"ही काळी कुठं जाते?"
जमिनीला, म्हटलं.
ती उठली, वाकून गाडीखाली बघून आली.
"जमीन तर तिकडं खाली. मध्ये चार टायर."
गाडीची जमीन म्हणजे गाडीच, मा.
तिचंच अंग. बाहेर कुठं जायचं नसतं.
यावर ती काही बोलली नाही.

मागच्या सीटखाली रंग खरवडला.
पांढऱ्याखाली पिवळा निघाला,
त्याखाली राखाडी, मग उघडा पत्रा, नाण्याएवढा.
"पिवळी होती तेव्हा हप्ते चालू होते,"
एवढंच म्हणाली, आणि वहीत बोट घालून बसली.

उरली निळी.
सुतळीहून बारीक.
हिच्यातून जोर जात नाही, निरोप जातो :
ऊठ, मालक आला.
तो पोचला नाही तर
लालचा सगळा रुबाब उंबऱ्यातच उभा.

"हिला बटण लागेल का? गुडघ्याजवळ. कुणाला दिसणार नाही असं."
चाळीस रँड जास्तीचे, म्हटलं.
तिनं घासाघीस केली नाही.
मला ते खटकलं,
फ्यूजपायी तिनं माझा अर्धा तास खाल्ला होता.

किल्ली फिरवली तर आधी शीळ,
अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी.
म्पिलोनं बोल्टाखाली रंगाचा पापुद्रा ठेवला होता.
पुन्हा खरवडलं, पुन्हा आवळलं.
मग भिंतीवरचे सगळे पाने एकदम वाजले,
वितळलेलासुद्धा.
शेजारची सलूनवाली शिव्या देत बाहेर आली
आणि परत जाताना कंबर हलवत गेली.

दोन आठवड्यांनी तिच्याच टॅक्सीत बसलो,
मागच्या रांगेत, दप्तरांत चेंगरून.
आवाज बरगड्यांना धरून हलवत होता. माझंच काम.
इस्पितळाच्या वळणावर सगळं तुटलं.
फ्यूज गेला, मला वाटलं, मी उठायलाच लागलो,
तर शेजारच्या मुलीनं बाही ओढून खाली बसवलं.
"इथं ती बंद करते."
कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही.
फाटक गेलं, कणसं भाजणारा गेला,
ती लांब हिरवी भिंत गेली.
चढावर गिअर पडल्याचं ऐकू आलं,
कुणाची तरी डब्यातली चमचा-खुळखुळ.
मी मोजत होतो : एकोणीस, वीस.
मग तिचा गुडघा हलला.